सकाळी भरलेलं सरबत दुपारी कडू का होतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खारघरला नवव्या मजल्यावर राहता. गॅलरी पश्चिमेला, तिथे पुदिना, तुळस, गवती चहा आणि पानओवा अशी चार रोपं. सकाळी साडेसहाला कलिंगड, मोसंबी आणि मूठभर पुदिना एकदम मिक्सरमधून काढता, गाळता आणि दोन बाटल्या भरता. एक तुमच्याबरोबर ट्रेननं ऐरोलीला जाते, दुसरी लेकीच्या सॅकमध्ये क्लासला. दुपारी उघडली की वर फेस, खाली गाळ, रंग मातकट आणि चव कडू. लेक बाटली तशीच परत आणते. आईला मधुमेह आहे म्हणून साखर घालत नाही. तर साखरेऐवजी मध घालू की गूळ, आणि कडू होणार नाही अशी एखादी रेसिपी आहे का, असं विचारलंय.

आधी माझ्याबद्दल. मी ठाण्याला नौपाड्यात राहते. गेली अठरा वर्षं घरून सरबतं करून देते: मुंजी, डोहाळजेवणं, चैत्रातली हळदीकुंकवं. मधली चार वर्षं महापेच्या एका कँटीनला रोजचं ताक आणि सरबत पुरवायचे. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. त्यामुळे आईंच्या शुगरचं शेवटी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. पण सहा वाजता केलेलं बारा वाजता पिण्यासारखं कसं राहील, हा प्रश्न मी अठरा वर्षं रोज सोडवतेय.

तुमची रेसिपी चुकलेली नाही. हेच सगळं तुम्ही ग्लासात ओतून पाचव्या मिनिटाला प्यायलात तर झकास लागेल. घोळ असा की एकमेकांशी न पटणाऱ्या तीन गोष्टी तुम्ही एका बाटलीत सहा तास कोंडून ठेवताय, तेही एप्रिलच्या उकाड्यात.

एकेक घेऊ. पहिली मोसंबी. मोसंबीच्या गरात आणि पाकळ्यांच्या पडद्यात एक पदार्थ असतो, जो फळ अखंड असताना कडू नसतो. रस निघाला, त्याची रसातल्या आंबटपणाशी गाठ पडली, की हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, आणि ते कडूजहर. म्हणून रसवंतीवाल्याकडे समोर काढलेला मोसंबीचा रस गोड लागतो आणि तोच पार्सल नेला की घरी पोचेपर्यंत कडवट होतो. आपल्याला वाटतं त्यानं काहीतरी मिसळलं. बिचाऱ्यानं काही केलेलं नसतं. तुम्ही तर मोसंबी सोलून मिक्सरला लावता, म्हणजे पांढरी साल, पडदे, चुकून राहिलेल्या बिया सगळंच आत. मोसंबी बाटलीत भरायचं फळच नाही. घरी सोलून पाकळ्या खा, किंवा रस काढा आणि उभ्या उभ्या प्या.

दुसरा पुदिना. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबट रसात ते निसटतं आणि हिरव्याचा शेवाळी-खाकी होतो. शिवाय पान वाटलं की हवेशी संबंध येऊन ते काळं पडतं, जसं चिरलेलं सफरचंद पडतं. पुदिन्याची चटणी दोन तास टिकते, कारण ती घट्ट असते आणि आपण ती झाकून फ्रीजमध्ये ठेवतो. पातळ रसात हे तुकडे मोकळे तरंगतात, त्यांना वाचवणारं काही नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ठाण्यातच एका मुंजीला मी ऐंशी माणसांचं पुदिना-लिंबू केलं होतं. मे महिना, पहाटे पाचला उठून तीन जुड्या पुदिना वाटला, दोन स्टीलची पिंपं भरली. हिरवंगार, बघत राहावं असं. मंगलाष्टकं झाली, बाराला झाकण काढलं तर आत न उपसलेल्या विहिरीचं पाणी! पहिला ग्लास एका आजोबांना दिला. त्यांनी घोट घेतला, ग्लासात पाहिलं आणि फार शांतपणे विचारलं, "काढा आहे का? मला ताप नाहीये." मी तिथून जी पळाले ती थेट घरी. कोकमाच्या आगळाची बाटली आणली, पाणी, साखर, जिरं, मीठ घालून वीस मिनिटांत कोकम सरबत केलं आणि वेळ निभावून नेली. पुदिन्याची दोन पिंपं कार्यालयाच्या मोरीत गेली. तेव्हापासून मी सरबतासाठी पुदिना वाटत नाही.

तिसरं कलिंगड. खरं सांगू का, कडूपणापेक्षा मला काळजी याची वाटली. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी आणि आंबटपणा जवळजवळ नाही. लिंबू, कैरी, कोकम यांच्या आंबटपणात जंतूंना सहज वाढता येत नाही. कलिंगडाच्या रसात त्यांची चंगळ होते. सकाळी साडेसहाला कापलेलं, मिक्सरमध्ये फिरलेलं, बंद बाटलीत भरलेलं कलिंगड दुपारी साडेबारापर्यंत सॅकमध्ये, ते पण मुलीच्या. वरचा फेस निम्मा मिक्सरच्या हवेचा असतो, पण रस आंबायला लागला की फेस येतो तोही तसाच दिसतो. माझा नियम साधा आहे: कापलेलं कलिंगड, खरबूज, पपई फ्रीजबाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात एकच तास. त्यापुढे टाकून द्या. म्हणजे कलिंगड संध्याकाळी घरी.

आता करायचं काय, ते. माझी सगळी पद्धत एका वाक्यात मावते: आंबट वेगळं, पानाचा वास वेगळा, गोड वेगळं, आणि गाठ पडू द्यायची ती ग्लासात. बाटलीत न्यायचंच असेल तर फक्त जे बिघडत नाही ते न्यायचं.

पानाचा वास वेगळा म्हणजे कसा? पुदिना, तुळस, ओवा यांचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक बारीक तेलाच्या पिशव्यांत असतो. तो काढायला पान वाटावं लागत नाही. रात्री जेवण झाल्यावर पुदिन्याच्या सात-आठ काड्या घ्या, एका तळहातावर ठेवून दुसऱ्या तळहातानं फटकन एक टाळी वाजवा, एवढंच. हाताला वास आला म्हणजे काम झालं. त्या लिटरभर पाण्यात सोडा, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी काड्या काढून पाणी गाळून घ्या. हे पाणी पाण्यासारखंच दिसतं, हिरवं नसतं, त्यामुळे खाकी व्हायला त्यात काही नसतंच. वास मात्र बाटली उघडली की येतो. पहिल्या दिवशी तुम्हाला ते फिकं वाटेल, कारण जिभेला वाटलेल्या पुदिन्याची सवय आहे. चार दिवस थांबा.

गवती चहा थंड पाण्यात फारसा उतरत नाही, त्याला उकळी हवी. पात कापताना वरवर कापू नका. बुडाशी पांढरट भाग असतो तिथे खरा वास. चार पाती धुवून त्यांची गाठ मारायची (कडा हात कापतात, सांभाळून), आल्याचा ठेचलेला तुकडा, दोन ग्लास पाणी, पाच मिनिटं उकळी, मग झाकण घालून गार होऊ द्यायचं. झाकण महत्त्वाचं, नाहीतर वास स्वयंपाकघराला आणि पाणी तुम्हाला. लिंबू पूर्ण गार झाल्यावरच पिळा. गरम पाण्यात पिळलं तर क जीवनसत्त्व कमी होतं आणि चवही शिजकी लागते. लिंबाच्या बिया मात्र एकूण एक काढा. बी पाच-सहा तास पाण्यात पडून राहिली की तिचा कडवटपणा उतरतो. आणि तो दांड्याचा लिंबू पिळायचा चिमटा असतो, त्यात शेवटचा थेंब निघेपर्यंत दाबू नका. रस संपल्यावर जे येतं ते सालीचं तेल.

पानओवा सरबतात घालू नका, तो दणकट आहे, सगळ्यांवर कुरघोडी करतो. त्याची जागा ताकात. दोन पानं, आल्याचा किस, चिमूट जिरेपूड, पादेलोण. पानं आणि आलं खलबत्त्यात जरा ठेचायचं, ताकात घालून रवीनं घुसळायचं. कँटीनला एका उन्हाळ्यात मी सहा प्रकारची सरबतं ठेवून पाहिली. तीन आठवड्यांनी लोकांनी आपणहून पाच सोडली आणि हे ताक धरलं. तुमच्या आईंसाठीही माझ्या यादीत पहिलं हेच आहे, कारण त्यात गोड घालायचा प्रश्नच येत नाही.

तुळशीचं थोडं वेगळं. कृष्णतुळशीचा वास लवंगेच्या जवळचा आहे. दोन पानं ठीक, सहा झाली की सरबताचा काढा होतो आणि मग तुम्हालाही ते आजोबा भेटतील. शिवाय तुमच्या आई वृंदावनातली तुळस तोडू देत असतील की नाही, रविवारी, द्वादशीला तर नाहीच, हा घरचा मामला. आमच्याकडे पूजेची वेगळी आणि चहा-सरबताची वेगळी कुंडी आहे, भांडण नाही. त्यापेक्षा सोपा उपाय सांगते: वाण्याकडचा सब्जा आणा आणि त्यातला चमचाभर कुंडीत पेरा. सब्जा म्हणजे गोड तुळशीचंच बी. बी जुनं नसेल तर आठवड्यात उगवतं, पाच-सहा आठवड्यांत तोडण्यासारखी पानं येतात. वास मरव्याच्या आणि बडीशेपेच्या मधला कुठला तरी, कलिंगडाबरोबर अप्रतिम. उरलेला सब्जा भिजवून सरबतात घालता येतोच. पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाण्यात, बी पूर्ण फुगून पारदर्शक कवच आल्याशिवाय लहान मुलांना देऊ नका, कोरडं तर कधीच नाही.

मिक्सरबद्दल एक बाजूची गोष्ट. तुम्ही ज्या भांड्यात सरबत काढता त्यातच चटणी वाटत असाल तर झाकणाची रबरी रिंग काढून नाकाशी धरा. लसूण! मी एकदा फालशाच्या सरबताला हा वास लागल्यावर शोधत शोधत तिथे पोचले. तेव्हापासून सरबताच्या झाकणाची रिंग वेगळी. कलिंगडाला तर मिक्सर नकोच. फोडी मोठ्या पातेल्यात घ्या, बटाटे कुस्करायच्या दाबणीनं किंवा रवीनं दाबा, बिया अख्ख्या राहतात आणि गाळणीत अडकतात. मिक्सरमध्ये त्या फुटतात आणि रस तुरट होतो.

मग बाटलीत काय? मी असते तर आठवडा असा काढला असता. दोन दिवस कोकम, दोन दिवस गवती चहा-लिंबू, दोन दिवस खारं पन्हं. तिन्ही आंबट आहेत, तिन्ही न बिघडता दुपार गाठतात. कोकमाला पाच-सहा आमसुलं रात्री वाटीभर पाण्यात भिजत घाला, सकाळी कुस्करून गाळा, त्यात रात्रीचं पुदिन्याचं पाणी, जिरेपूड. मीठ घालायच्या आधी चाखा, आमसुलं मुळात खारवलेली असतात. आयता कोकम सिरप वापरायचा झाला तर निम्म्याहून जास्त साखर असते हे धरून चाला.

पन्ह्यावर जरा थांबते, कारण आईंच्या साखरेचं उत्तर त्यात आहे. आपल्या पन्ह्यात गराच्या दीडपट-दुप्पट गूळ असतो. ते सणाचं पेय, रोज बाटलीभर प्यायचं नव्हेच. मी काय करते, जांभळी नाक्यावरून किलोभर कैऱ्या आणते, देठ काढून तासभर पाण्यात बुडवून ठेवते म्हणजे चीक निघतो. (चीक राहिला तर घसा खवखवतो आणि दोष पन्ह्याला येतो.) कुकरला दोन शिट्ट्या, गार झाल्यावर साल काढून गर कोळून घ्यायचा. आता गूळ घालायचा नाही! हा नुसता गर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवायचा. ठोकळे झाले की डब्यात काढून ठेवा, दीड-दोन महिने निवांत. रोज ग्लासाला एक ठोकळा. लेकीच्या ग्लासात एक-दीड चमचा गूळ आणि वेलची. आईंच्या ग्लासात गूळ नाही. भाजलेल्या जिऱ्याची पूड, पादेलोण, दोन मिरीदाणे ठेचून आणि पुदिन्याचं पाणी. एकाच गरातून दोघींचं वेगळं. बाटलीत ठोकळा तसाच टाका, तो विरघळेपर्यंत तुमची ट्रेन तुर्भ्याला पोचलेली असेल आणि बाटली तोवर गारही राहील.

आता मध की गूळ. तुमची निराशा करते: मधुमेहाच्या हिशेबात तिघे सख्खे भाऊ. गुळात, मधात थोडं इतर काही असतं, पण चमचाभरात ते किती आणि साखर किती? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये जी मर्यादा सुचवली, ती रोजच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि जमल्यास ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. तिच्यात वरून घातलेली साखर तर धरलीच आहे, शिवाय मध, सिरप आणि फळांचा काढलेला रसही धरलाय. अख्खं फळ मात्र धरलेलं नाही. हे लक्षात घ्या, कारण तुमचं सरबत 'साखर न घातलेलं' असलं तरी ग्लासभर रसाला तीन-चार मोसंब्या लागतात. तीन मोसंब्या सोलून खायला बसलो तर दुसरीला पोट भरतं. रस करून चार घोटांत संपतात आणि चोथा गाळणीत. आईंना रस नको, फोडी द्या. किती आणि कधी, ते डॉक्टर सांगतील.

लेकीची गोडाची सवय कमी करायची असेल तर दोन युक्त्या. एक, मीठ. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि असलेला गोडवा पुढे आणतं; अर्ध्या चमच्यानं साखर सहज कमी होते. दोन, फार गार देऊ नका. जीभ गारठली की गोड कमी कळतं, म्हणून बर्फाळ सरबताला जास्त साखर लागते. माठातल्या पाण्याइतकं गार पुरे. माठात वाळ्याची जुडी टाकलीत तर पाण्यालाच इतका छान वास येतो की निम्मे दिवस सरबत सुचत नाही. आमच्याकडे पाहुण्यांना एप्रिल-मेमध्ये आधी हे पाणी, आणि बहुतेक वेळा दुसरा ग्लास तेच मागतात.

मिठाचा विषय निघालाय तर एक बोलून घेते. ठाणे, नवी मुंबईत पारा विदर्भाएवढा चढत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण खाडीची दमट हवा घाम वाळू देत नाही. घाम नुसता वाहतो, अंग गार होत नाही. तुमच्या खारघरच्याच मैदानात २०२३ च्या एप्रिलमध्ये भर दुपारच्या कार्यक्रमानंतर उष्माघातानं माणसं दगावली. ऐरोलीला स्टेशनापासून चालत जाणाऱ्या माणसाच्या पेयात म्हणून थोडं मीठ हवंच, नुसतं फळ नको. ते 'थोडं' मात्र माणसावर आहे. रक्तदाब असेल तर शेंदेलोण आणि पादेलोण यांना सूट नाही. रंग वेगळा, आत मीठच. किडनीचा त्रास असलेल्यांनी शहाळंसुद्धा विचारून प्यावं, त्यात पोटॅशियम भरपूर. आणि जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हानं गळाठा आला तर सरबतांचे प्रयोग नकोत, ओआरएसचं पाकीट, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. पाकीट नसेल तर लिटरला सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट लहान चमचा मीठ, मोजून. बोलणं बरळल्यासारखं झालं, शुद्ध हरपली, तर तोंडात काही न घालता अंग गार करत दवाखाना गाठायचा.

बाटलीचं तुम्ही लिहिलं नाहीत. तांब्याची असेल तर त्यात साधं पाणीच. लिंबू, कोकम, ताक तांब्या-पितळेत आणि ॲल्युमिनियममध्ये ठेवायचं नाही, आंबटानं धातू उतरतो. स्टील किंवा काच. झाकणाच्या आट्यांतली चिकट कड रोज ब्रशनं घासा. कालचा वास तिथेच दडून बसलेला असतो. बर्फ घरचा. बाहेर सरबत प्यायची वेळ आली तर २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळी झाक असायला हवी असा नियम आहे. पण गाडीवर बर्फ फोडून झाल्यावर ती निळी झाक कुणाला दिसतेय? मी बर्फाशिवाय मागते.

गॅलरीबद्दल थोडंसं. पश्चिमेचं ऊन दुपारी एकपासून पुदिन्याला भाजून काढतं, म्हणून तुमचा पुदिना एप्रिलमध्ये बारीक आणि कडसर झालाय. पान जून झालं की तसंच होतं. पुदिन्याला खोल कुंडी नको, पसरट हवी, आणि ती गवती चहाच्या गड्ड्यामागे सरकवा. गवती चहाला ऊन आवडतं आणि त्याची सावली पुदिन्याला पुरते. जून काड्या सरळ बुडाशी छाटा, नवे कोंब येतील. कबुतरं आहेतच, नवव्या मजल्यावर जास्तच. पानं टोपलीत एकत्र नुसती बुचकळू नका, एकेक काडी वाहत्या नळाखाली दोन्ही बाजूंनी. रोप नर्सरीतून नवीन आणलं असेल तर पहिली पानं खुडून टाका, महिनाभरानं आलेली खा. फवारणी कसली केलेली असते ते आपल्याला कळत नाही.

सोमवारसाठी एवढंच करा: रविवारी रात्री पुदिन्याच्या काड्यांना टाळी, आमसुलं भिजत, दोन्ही फ्रीजमध्ये. सकाळचं काम पाच मिनिटांचं, मिक्सर बंद. कलिंगड आख्खं ठेवा, संध्याकाळी लेक घरी आल्यावर तिच्यासमोर कापा, फोडी कुस्करा, सब्ज्याची पानं तयार होईपर्यंत तुळशीचं एकच पान चुरडून घाला, लिंबू, पादेलोण. फळ घेताना अख्खंच घ्या, अर्धं कापून प्लॅस्टिक लावून ठेवलेलं नको.

आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात बाजारात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं, दिसले तर दोन किलो घ्या. बिया काढून सालींच्या वाट्या बरणीत साखरेचे थर देत भरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि तुमच्या त्या पश्चिमेच्या उन्हात आठ दिवस ठेवायच्या. वाट्यांच्या दीडपट साखर लागते, म्हणून ते आईंचं नाही, पाहुण्यांचं. पण ज्या उन्हानं पुदिना जाळला ते या बरणीला मात्र अगदी नेमकं लागतं. पाऊस सुरू झाला की हे जमत नाही, रातांबेही संपतात. बरणी काचेची किंवा चिनी मातीची घ्या, आणि कबुतरांसाठी वर ताट नको, जाळी ठेवा. ताट ठेवलंत तर ऊन लागणार नाही.